चलनावरची तारीख

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत कोणी नवीन शेड घेऊन दोन सीएनसी (संगणकावर चालणारी यंत्रं) टाकल्या की शेजारचा हमखास सांगतो, सरकारी कंपन्यांच्या नादी लागू नका, पैसे अडकतात. मला हे पटत नाही. ओझरला विमानं बनवणारी एचएएल, नाशिकरोडला नोटांचा छापखाना, एकलहऱ्याला वीज केंद्र. एवढी मोठी गिऱ्हाइकं दारात असलेली गावं किती आहेत? मात्र ही गिऱ्हाइकं खाजगी मालकासारखी खरेदी करत नाहीत, करू शकतच नाहीत. हे आधी समजून घ्यायला हवं.

खाजगी मालकाला आपलं काम आवडलं की तो फोनवर ऑर्डर देतो. सरकारी कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याला ती मुभा नाही. सरकारचं अंग असलेली संस्था स्वतःच जाहीर केलेल्या टेंडरच्या अटी डावलून मनाला येईल त्याला काम देऊ शकत नाही, असं सुप्रीम कोर्टाने 1979 मध्ये रमणा शेट्टी खटल्यात सांगून ठेवलंय. केंद्राचा खरेदीचा स्वतंत्र कायदा मात्र आजही नाही. 2012 चं विधेयक लोकसभेत मांडलं गेलं आणि तिथेच विरलं. त्यामुळे प्रत्येक कंपनीची आपापली खरेदी नियमावली, वर दक्षता आयोगाची परिपत्रकं आणि मागून ऑडिट. अधिकारी प्रत्येक कागद तीनदा बघतो तो आपल्याला छळायला नव्हे.

आपल्यासाठी यात जे आहे ते 2012 च्या सूक्ष्म-लघु उद्योग खरेदी धोरणात. केंद्राच्या कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतली 25 टक्के आपल्याकडून करायची, त्यात 3 टक्के महिला उद्योजकांकडून. टेंडरसोबत भरायची बयाणा रक्कम (अनामत) माफ. शिवाय एल-वन, म्हणजे सर्वात कमी दर भरणारी, मोठी कंपनी असेल आणि आपला दर तिच्यापेक्षा 15 टक्क्यांपर्यंतच जास्त असेल, तर तिच्या दराला उतरून किमान चौथा हिस्सा पुरवायची संधी मिळते. माझी पहिली मोठी ऑर्डर अशीच आली.

ऑर्डर मिळेपर्यंत कायदा आपला हात धरतो. माल पोहोचल्यावर मात्र तो आपण धरायचा असतो.

जिल्ह्याबाहेरच्या एका सरकारी कंपनीला मी ब्राँझचे बुश (यंत्रात बसणारे नळीसारखे भाग) पाठवले होते. स्टोअरने उतरवून घेतले. पुढे फोन केला की एकच उत्तर, ‘मॅडम, इन्स्पेक्शन बाकी आहे, जीआरएन झाला नाही.’ जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची त्यांची अधिकृत नोंद. त्यांच्या मते पैशांची मुदत जीआरएनपासून सुरू होणार. सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांसाठीचा एमएसएमईडी कायदा 2006 तसं म्हणत नाही. माल पोहोचल्यापासून 15 दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर पोहोचला त्याच दिवशी तो स्वीकारला असं कायदा धरतो. तिथून, करारात काहीही लिहिलेलं असो, 45 दिवसांच्या वर पैसे थांबवता येत नाहीत. थांबवले तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ.

म्हणून गेटवरचा शिक्का सोन्याच्या मोलाचा. आमच्या टेम्पोवाल्याला ताकीद आहे: डिलिव्हरी चलनाच्या दुसऱ्या प्रतीवर गेटचा शिक्का, सही आणि तारीख, तिन्ही घेतल्याशिवाय गाडी वळवायची नाही. शिक्क्यातली तारीख पुसट उठली तर शेजारी पेनने लिहून घ्यायची. त्या बुशांच्या चलनावर ती निळ्या पेनने लिहिलेली होती. त्याची झेरॉक्स, कायद्याचं कलम 2(ब) आणि व्याजाचा तक्ता जोडून मी खरेदी विभागाला पत्र दिलं, प्रत फायनान्सला. फोनवर कोणाशी वाद घातला नाही. त्याच आठवड्यात इन्स्पेक्शन झालं आणि पाठोपाठ मुद्दल आलं.

खूप जण इथे थांबतात. व्याज मागितलं तर पुढची ऑर्डर जाईल, ही भीती मला समजते, कारण पगाराची तारीख मलाही चुकत नाही. पण माझ्या कॅश क्रेडिटचं (धंद्यासाठी घेतलेल्या खेळत्या कर्जाचं) व्याज बँक दर महिन्याला कापतेच. थकलेल्या पैशांच्या तक्रारींसाठीच्या सरकारी समाधान पोर्टलवर मी व्याजासाठी अर्ज केलाय, आता तो असे वाद सोडवणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलपुढे जाईल. दरम्यान त्याच कंपनीचं नवं टेंडर निघालंय, आणि ते मी भरणार आहे.