मागची बाजू कोरी

रविवार, रात्रीचे अकरा

आज शेवटी स्वीडिश वीव्हिंगचा, म्हणजे कापडाच्या वरवरच्या धाग्यांखालून दोरा ओवत करायच्या भरतकामाचा, श्रीगणेशा केला. बाहेर मिनेसोटाची थंडी, दाराबाहेर पाऊल टाकवत नाही, मग काय करणार. लायब्ररीतल्या विणकामाच्या ग्रुपमधल्या एका आजींनी मंक्स क्लॉथचा, म्हणजे जाड सैल विणीच्या सुती कापडाचा, तुकडा दिला होता आणि बजावलं होतं, आधी कडांना झिगझॅग मार नाहीतर धागे सुटत जातील, मग मशीनला धू कारण ते कापड चांगलंच आटतं, आणि सुरुवात मधूनच कर. पहिल्या दोन गोष्टी ऐकल्या.

मधून म्हणजे कापडाची घडी घालून मध्य काढायचा, अर्धा दोरा ओढायचा, अर्धा तसाच लोंबत ठेवायचा, एका बाजूची ओळ संपली की कापड फिरवून उरलेल्या दोऱ्याने दुसरी बाजू. मी शहाणी, डाव्या कडेपासून सुरू केलं. उजव्या कडेला पोचले तर शेवटचा लूप अर्धाच बसतोय. दीड तासाचं काम उसवलं 😑

तसं काम सोपंय. चार-चार धाग्यांची चटईसारखी वीण असते, त्यातल्या वर आलेल्या उभ्या धाग्यांखालून बोथट सुई सरकवायची, कापडाच्या आरपार न्यायचीच नाही. सरळ टाका लगेच जमला. मग लूप, म्हणजे दोरा वरच्या ओळीत नेऊन खाली परत त्याच धाग्यांखाली आणला तर बंद, शेजारच्या धाग्यांखाली नेला तर उघडा, आणि दोन्ही एकाच ओळीत आले की माझी मोजणी गंडते. आठाच्या आकड्यासारखा टाका तर जरा ओढला की आवळून तिळाएवढा होतोय.

नाव स्वीडिश, पण १९३०-४० च्या सुमारास अमेरिकेत बायका किचनच्या हक टॉवेलवर, म्हणजे असेच वर आलेले धागे असलेल्या टॉवेलवर, हेच भरायच्या.

मघाशी आईला व्हिडिओ कॉल केला, तिच्याकडे सोमवारची सकाळ, चहा चालू. भरतकाम दिसलं की आधी उलटं करून बघायचं ही तिची जुनी खोड, शाळेतला माझा मॅटीवरचा रुमाल मागच्या गाठी बघून दोनदा उसवायला लावला होता तिने. म्हणाली, "मागची बाजू दाखव." दाखवली. यात मागे एकही टाका दिसत नाही, दिसला तर चुकलंच समजायचं. आई चष्मा सारखा करत बघतच राहिली.

"अगं, हे नुसतं कापडच आहे की. भरायला कधी घेणार?"