दोन ओळींची चिठ्ठी

आमच्या दवाखान्यात आम्ही दोघे फॅमिली डॉक्टर शेजारच्या खोल्यांत बसतो. रुग्ण साधारण सारखेच, पण तज्ज्ञांकडे पाठवण्याच्या चिठ्ठ्या माझ्या सहकारी डॉक्टर माझ्या दुपटीने लिहितात. मी त्यांना मनातल्या मनात भित्र्या ठरवले होते, आणि माझ्या कमी चिठ्ठ्यांचा मला, खोटे कशाला बोलू, अभिमान होता.

साठीला आलेले एक गृहस्थ दहा वर्षे माझ्याकडेच येत. या खेपेस थकवा होता, हिमोग्लोबिन 10.8, आणि शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन जेमतेम 9. या वयाच्या पुरुषाच्या शरीरातले लोह असे आटले, तर अन्नमार्गातून रक्त जात नाही ना, हे तपासायचेच, असे शिकाऊ डॉक्टरांना मीच सांगतो. पण त्यांना जुनी मूळव्याध होती, त्यामुळे कारण आयतेच हाताशी होते. लोहाच्या गोळ्यांनी सहा आठवड्यांत हिमोग्लोबिन 12.1 वर गेले आणि मी निर्धास्त झालो. वास्तविक रक्त भरले म्हणजे गळती थांबली असे होत नाही; वरून धार मोठी सोडली की फुटक्या हौदातही पाणी चढते.

मी रजेवर असताना ते शेजारच्या खोलीत गेले. बाईंनी दोन ओळी लिहिल्या: लोहाची कमतरता, कारण सापडलेले नाही, कोलोनोस्कोपी करावी. दुर्बिणीच्या त्या तपासणीत मोठ्या आतड्याच्या सुरुवातीलाच कर्करोगाची गाठ निघाली. तिथे आतडे रुंद आणि मल पातळ असल्याने अडथळा उशिरा येतो, रक्त डोळ्यांना दिसत नाही, आणि पुष्कळदा रक्तक्षय हीच पहिली खूण असते.

"तुम्हाला शंका कशावरून आली?" मी विचारले.

"शंका कसली? मूळव्याधीचं रक्त हल्ली जातंय, असं कुठे लिहिलेलंच नव्हतं."

केसपेपर काढून पाहिला. मूळव्याधीची शेवटची नोंद चार वर्षांपूर्वीची होती, माझ्याच अक्षरात. मी ओळखीच्या माणसाकडे पाहत होतो. बाईंपुढे फक्त आकडे होते.

'विनाकारण पाठवले' असा शेरा मारणाऱ्या तज्ज्ञांना हे कळत नाही, कारण त्यांच्याकडे आम्ही गाळून दिलेले रुग्ण पोहोचतात. आमच्यापुढे थकवा घेऊन रोज कितीतरी जण बसतात, आणि त्यातला कोणता थकवा निराळा हे प्रत्येक डॉक्टर आपापल्या जुन्या चटक्यांवरून ठरवतो.

त्यानंतरच्या पंधरवड्यात मी सात चिठ्ठ्या लिहिल्या. त्यांतली एक सहज बाईंना दाखवली, तर त्यांनी ती वाचून परत माझ्या हातात दिली.

"ही कशाला?"