पन्हाळा–पावनखिंड ट्रेकला वाळलेलं मटण न्यायचं असेल तर
पावसातली पन्हाळा ते पावनखिंड वाट करून आलो. मसाई पठारावर वारा, धुकं, आडोसा म्हणून कुठं नाही, पुढं कुंभारवाडी, खोतवाडी करत करपेवाडीपर्यंत नुसता चिखल. सगळ्यांच्या सॅकमध्ये बिस्किटं नि फरसाण होतं, ते खाऊन तासाभरात परत भूक. आम्ही नेलेलं वाळलेलं मटण मात्र खरंच कामाला आलं, म्हणून जाणाऱ्यांसाठी सविस्तर लिहितोय.

ताज्या मटणात पाऊण हिस्सा पाणीच असतं. ते गेलं की किलोभर बोनलेसचं तीनशे ग्रॅमच्या आसपास उरतं, पण प्रोटीन, लोह, झिंक, बी12 बहुतेक तसंच राहतं. म्हणजे 100 ग्रॅममध्ये 50 ग्रॅमच्या वर प्रोटीन, आणि पाठीवर ओझं काहीच नाही. फायबर आणि सी व्हिटॅमिन मात्र यात मिळत नाही, त्यामुळं भाकरी, कांदा, लिंबू सोबत पाहिजेच.

करायचं ते एप्रिल-मेच्या कडक उन्हात, वळीव सुरू झाला की नाद सोडा. मांडीचं मटण घ्या, चरबी पूर्ण काढा, आमची आत्ती म्हणते चरबी राहिली की खवट झालंच म्हणून समजा, आणि ते खरंय कारण चरबी वाळत नाही. लांब पातळ पट्ट्या, मीठ-हळद, आधी नीट वाफवून घ्या म्हणजे जंतू मरतात, मग दोरीवर टाकून वरनं मलमलचं कापड, रात्री घरात. वाकवल्यावर तंतू तुटले पाहिजेत, आत ओल नको. फ्रिज नव्हते तेव्हापासून दलित वस्त्यांतल्या बायका मोठ्याच्या, म्हणजे गाय-बैल-म्हशीच्या, मटणाच्या चान्या (पट्ट्या) उन्हात वाळवत आल्यात, ही हातोटी त्यांची आहे आणि तिला मान मिळायलाच हवा.

ट्रेकला एकच मोठा डबा नेऊ नका, छोट्या पुड्या करा, पावसात एकदा दमट हवा लागली की बुरशी येते. बुरशी दिसली तर सगळं फेकायचं. मुक्कामी गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, ते खारट पाणी ओतून टाका, मग कांदा-लसूण चटणी घालून रस्सा करा, मीठ शेवटी चव बघूनच. वाटेत नुसतं चघळलं तर पाणी जास्त प्या. बीपी किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये, मीठ खूप असतं. आणि पुडीच्या तळाला राहिलेला चुरा टाकू नका, अख्खा मसूर शिजताना त्यात घाला, लई भारी लागतो.