तुतारी शाबूत, नायिका गायब : चोर बाजारातला एक शनिवार

पुण्याहून सकाळी सुटणाऱ्या डेक्कन क्वीनने मी मुंबई गाठली, ती केवळ एका जुन्या अंकासाठी. दिवस मुद्दाम शनिवारचा निवडला होता, कारण शुक्रवारी चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवरची दुकाने बंद असतात. लोकलने सँडहर्स्ट रोडला उतरलो आणि तिथून चालत चोर बाजारात शिरलो.

मला हवा होता ‘फिल्मइंडिया’चा १९३९ सालचा कोणताही अंक. बाबूराव पटेलांचे, १९३५ साली मुंबईत सुरू झालेले हे इंग्रजी मासिक तिखट परीक्षणांसाठी आणि वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या बोचऱ्या उत्तरांसाठी गाजले. माझा जीव मात्र त्यातल्या जाहिरातींत अडकलेला असतो. १९३१च्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज शिल्लक नाही, आणि अशा हरवलेल्या चित्रपटांची ओळख आपल्याला पटते ती छायाचित्रे, गाण्यांच्या पुस्तिका आणि मासिकांतल्या जाहिराती यांवरूनच. असे असूनही जुने अंक एकत्र बांधून घेताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने फालतू समजून काढून टाकलेली मी इतक्यांदा पाहिली आहेत, की कापडी पुठ्ठ्याचा देखणा खंड दिसला की मला आनंदाऐवजी धास्तीच वाटते.

ग्रामोफोनचे कर्णे आणि रंग उडालेली पोस्टरे यांच्यामधून वाट काढत एका अरुंद दुकानात पोहोचलो. दुकानदारांनी पोटमाळ्यावरून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला गठ्ठा खाली घेतला आणि म्हणाले, “आराम से देखो साहब, पन्ना टूट जाता है.” एका विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून मी पूर्वी मधली पाने नसलेला ‘पूर्ण’ अंक घेतला होता, त्यामुळे आता पृष्ठांक मोजल्याशिवाय भावाचा विषयच काढत नाही. पिना गंजून पानांवर तांबूस डाग उतरले होते, कडा कसरीने कुरतडल्या होत्या, पण पृष्ठांक ओळीने जुळत होते.

आणि मग ती सापडली : प्रभात फिल्म कंपनीच्या ‘आदमी’ची पानभर जाहिरात. दिग्दर्शक व्ही. शांताराम म्हणजेच शांतारामबापूंच्या ‘माणूस’ची ही हिंदी आवृत्ती. प्रभातच्या बोधचिन्हातली तुतारी फुंकणारी स्त्री जागच्या जागी होती; नायिकेच्या चेहऱ्याच्या ठिकाणी मात्र कात्रीने नीट कापलेली चौकोनी खिडकी होती. शांता हुबळीकरांच्या कुणा चाहत्याने आपल्या वहीत चिकटवण्यासाठी तो चेहरा तेव्हाच कापून नेला असावा. (त्याला दोष तरी कसा द्यायचा? माझ्याही शाळेच्या वहीत असे चेहरे होते.)

दुकानदारांनी तीन हजार सांगितले. मी खिडकीवर बोट ठेवले. बऱ्याच घासाघिशीनंतर अठराशेवर सौदा ठरला. वास्तविक दुसरी, धड प्रत मिळेपर्यंत थांबणे शहाणपणाचे होते, पण प्रभातच्या स्टुडिओची जागा, म्हणजे आजची फिल्म इन्स्टिट्यूट, माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि त्या जागेतून निघालेल्या चित्रपटाचे पान तिथेच पोटमाळ्यावर ठेवून परतणे मला जमले नाही.

घरी आल्यावर गंजलेल्या पिना हलक्या हाताने उपसल्या, त्यांच्या जागी सुती दोरा ओवला आणि अंक आम्लविरहित कागदात ठेवला. गुंडाळण्यापूर्वी ते पान एकदा दिव्यासमोर धरले, तर त्या चौकोनातून मागच्या पानावरची छापील अक्षरे दिसत होती.