कॉन्व्हेंट म्हणजे शाळा नव्हे

'पोरगी कॉन्व्हेंटला आहे' म्हटलं की साताऱ्यात काय किंवा सांगलीत काय, इंग्रजी माध्यम एवढाच अर्थ उरतो. मुळात कॉन्व्हेंट म्हणजे धर्मभगिनींचं राहतं घर. पाचगणीचं सेंट जोसेफ १८९५ चं. ते काढलं 'डॉटर्स ऑफ द क्रॉस' या धर्मभगिनींच्या संघाने. झान हाझे यांनी बेल्जियममधल्या लिएज इथे १८३३ मध्ये तो स्थापला आणि १८६२ मध्ये त्याच्या सिस्टर कराचीत उतरल्या. शाळांच्या स्मरणिकांत मात्र इमारत, निकाल नि पाहुणे, आणि या बायका 'मदर सुपीरिअर' (घराची प्रमुख) एवढ्या दोन शब्दांत आटोपलेल्या.

अशा घराचा इतिहास काढायचा तर पहिली अडचण नावांची. संघात येऊन धर्मभगिनीचं व्रत घेताना नाव बदलायची पद्धत होती. झान हाझे संघात मदर मारी तेरेझ झाल्या, इंग्रजी कागदांत त्याच मेरी तेरेसा. १९६० नंतर कित्येक संघांत सिस्टरांनी बाप्तिस्म्याचं नाव परत घेतलं. म्हणजे एकाच बाईची तीन नावं, आणि घाईत मोजणाऱ्याच्या यादीत तीन बायका! नावावर विसंबू नका. जन्मतारीख, जन्मगाव आणि पहिल्या व्रताची तारीख या तिन्हींचा मेळ बसला तरच बाई एक धरा.

अशा संघांच्या फ्रेंच नोंदवह्यांत तारखा दगा देतात. सातचा आकडा आणि त्याला चिकटून 'ब्र' दिसलं की लोक जुलै लिहून मोकळे होतात. तो सप्टेंबर असतो, कारण लॅटिनमध्ये 'सेप्टेम' म्हणजे सात. तसंच ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ नोव्हेंबर आणि रोमन दहा म्हणजे डिसेंबर. या एका चुकीने मृत्यू व्रताच्या आधी पडतो आणि मग वहीलाच खोटं ठरवतात.

जागेसाठी सिटी सर्व्हेतून प्रॉपर्टी कार्ड काढा, फेरफारही बघा. नाव बहुधा संस्थेचं सापडेल, सिस्टरचं नाही. धर्मादाय आयुक्तांकडची नोंद १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्यानंतरची, आणि न्यासाचं मुख्य कार्यालय मुंबईत असेल तर ती तिकडेच; साताऱ्याला हेलपाटे घालून उपयोग नाही. बिशप हाउसच्या, म्हणजे बिशपच्या कार्यालयाच्या, दप्तरात धर्मगुरूंचे कागद भरपूर मिळतील. सिस्टरांचे कागद संघाच्या प्रांतिक घरात (त्या भागातल्या मुख्य घरात) किंवा थेट मातृगृहात, म्हणजे संघाच्या मूळ घरात असतात. इतिहास लिहिणारे तिथवर जातच नाहीत, हे खरं दुखणं.

थडग्यांचे फोटो सकाळी, ऊन तिरपं असताना घ्या. कोरीव अक्षरं उठून येतात. खडू किंवा तारेचा ब्रश लावू नका, दगड झिजतो. काही संघांत स्वयंपाक आणि धुणं बघणाऱ्या सिस्टरांचा वेगळा वर्ग असे. शाळेच्या अहवालात त्या नसतात. त्यांचं नाव, गाव नि वय मिळतं ते मृत्यूच्या नोंदीत, म्हणून ती वही आधी मागा.