चेहऱ्याची परवानगी

अठरा वर्षांखालच्या मुलाचा चेहरा न दाखवता त्याच्यावर फिल्म करायची म्हटलं की आमच्या क्षेत्रात तीन उपाय लगेच सुचवले जातात. मागे खिडकी ठेवून त्याची काळी आकृती करा, तोंडावर ब्लर टाका, नाहीतर मानेमागून शूट करा. टीव्हीने हे तिन्ही उपाय वर्षानुवर्षं आरोपींसाठी आणि गुन्ह्यांत भरडलेल्यांसाठी वापरलेत. त्याच जागी अकरावीतला एखादा मुलगा बसवला की बघणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, याने काय केलं असेल? मानसिक आजार असलेल्या मुलाला असं दाखवणं मला पटत नव्हतं, आणि मग काय करायचं ते कुणी शिकवलंही नव्हतं.

मी पुण्यात एका मीडिया कोर्सच्या शेवटच्या वर्षाला होते. पंधरा मिनिटांचा माहितीपट करून द्यायचा होता आणि किशोरवयीन मुलांचं मानसिक आरोग्य हा विषय मी हट्टाने घेतला. आधीच्या बॅचच्या मुलांनी यावर केलेल्या फिल्म बघितल्या होत्या. पावसाची खिडकी, गुडघ्यात खुपसलेलं डोकं, मागे पियानो, आणि शेवटच्या शॉटमध्ये जे कधीही दाखवू नये ते अगदी मन लावून लाइट करून दाखवलेलं. प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये आत्महत्येच्या बातम्यांसाठी सूचना काढल्या, त्यात पद्धतीचं वर्णन करू नका असं स्पष्ट लिहिलंय. त्या सूचना पत्रकारांसाठी आहेत, पण फिल्म शिकणाऱ्यांच्या हातात त्या पहिल्याच आठवड्यात पडायला हव्यात. पंधरा-सोळाची मुलं पेपर वाचत नाहीत, आमच्या फिल्म मात्र फोनवर बघतात.

तो मला मैत्रिणीच्या धाकट्या भावाकडून भेटला. त्यानेच मेसेज केला होता, ‘मी बोलतो.’ ओळख पटेल असे तपशील मी इथेही बदललेत, पण गोष्ट खरी आहे. सिंहगड रोडला राहणारा, नीटची तयारी करणारा, दहावीला उत्तम मार्क मिळालेला मुलगा. क्लासची दर आठवड्याला परीक्षा आणि संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर रँकलिस्ट. एकदा बसने क्लासला जाताना दांडेकर पुलापाशी त्याची छाती धडधडायला लागली, बोटं बधिर झाली, श्वास पुरेना. आपण मरतोय अशी त्याची खात्रीच झाली होती. कंडक्टरने बस थांबवून त्याला रिक्षात बसवलं. ईसीजी, टूडी एको, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह, सगळं झालं. रिपोर्ट नॉर्मल आले आणि घर निर्धास्त झालं. पुढच्या वेळी तसंच झालं तेव्हा त्याच नॉर्मल रिपोर्टांनी त्याचा घात केला. काही निघालं नाही ना, मग नाटकं करतोय!

त्याला येत होते ते पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीचे झटके. त्यात ईसीजी नॉर्मल येणं हे नेहमीचंच आहे. फिल्मसाठी ज्या मानसोपचारतज्ज्ञ मॅडमशी बोललो त्यांनी ते दोन वाक्यांत समजावलं. कॅज्युअल्टीत मात्र ते त्याच्या आईवडिलांना कुणीही सांगितलं नव्हतं. तिथल्या डॉक्टरांनी ‘टेन्शन घेऊ नको’ म्हणून मल्टिव्हिटॅमिन लिहून दिलं. योग्य दारापर्यंत पोचायला त्या घराला जवळजवळ वर्ष लागलं. तोवर क्लास सुटला होता आणि तो खोलीतून जेवायलाही बाहेर येत नव्हता.

आमच्या गाइड सरांना सुरुवातीला आकडा हवा होता. निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळला, तो आकडा काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत यावा असं त्यांचं म्हणणं. मी तो मॅडमच्या तोंडी ठेवला. त्या म्हणाल्या, साठ मुलांचा वर्ग धरा, त्यात चार जण. आपल्या वर्गातले ते चार कोण असतील हा विचार बघणाऱ्याच्या मनात तिथे सुरू होतो. पडद्यावरच्या टक्केवारीने तो होत नाही.

शूटिंगच्या दिवशी आम्ही सकाळीच त्यांच्या घरी पोचलो. मी, कॅमेरामन आणि साउंड करणारी आमची मैत्रीण. लाइट लावायच्या आधी मी कागद काढले, कारण संमतीचे फॉर्म शूट झाल्यावर घाईत भरून घ्यायची जी पद्धत पडली आहे ती मला घाणेरडी वाटते. समोरचा माणूस मोकळा होऊन सगळं बोलून गेलेला असतो, तेव्हा त्याला नाही म्हणायला जागाच उरत नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि मे २०१८ पासून लागू आहे. उपचार घेणाऱ्या माणसाचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही, असं त्यात लिहिलंय. मुलगा अल्पवयीन असेल तर त्याच्या वतीने पालक. म्हणून मी दोन फॉर्म केले होते. पालकांचा कायद्याला हवा म्हणून, आणि मुलाचा मला हवा म्हणून. प्रत्येक मुद्द्यापुढे हो-नाहीचे चौकोन होते. नाव, आवाज, घर, चेहरा.

त्याच्या आईने, म्हणजे काकूंनी, डायनिंग टेबलावरची भाजीची परडी बाजूला सरकवली, चष्मा लावला आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचली. नाव, नाही. आवाज, थोडं थांबून हो. घर, हो. चेहरा या शब्दावर पेन टेकवून त्या तशाच बसल्या, शाईचा ठिपका पडला, आणि मग ‘नाही’वर त्यांनी इतकी दाबून खूण केली की मागच्या पानावर ती उमटली. त्यांच्या शेजारी बसून तो स्वतःचा कागद भरत होता. चेहऱ्यापुढे त्याने ‘हो’ केलं होतं.

दोघांनी एकमेकांचे कागद बघितले. काकू त्याच्याशी बोलल्याच नाहीत, मला म्हणाल्या, “अगं, तुमची फिल्म पंधरा मिनिटांची. ह्याला पुढे आख्खं आयुष्य काढायचंय. उद्या कॉलेज, नोकरी, लग्न. कुणीतरी एक फोटो काढून पाठवेल आणि सगळं तिथेच थांबेल.” तो म्हणाला, “आई, पाय मोडला असता तर लपवला असतास का?” त्या म्हणाल्या, “पाय मोडलेल्याला लोक वेडा म्हणत नाहीत.”

मला त्या दोघांतलं एकही खोटं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

कायद्याने निर्णय झालेला होता, म्हणून आम्ही चेहरा न दाखवण्याची मांडणी केली. कॅमेरामनने आधी खिडकी मागे घेऊन एक्स्पोजर खाली आणलं. मुलाला मॉनिटर दाखवला तर तो म्हणाला, “ताई, मी हप्ता घेताना पकडला गेलोय असं वाटतंय.” तो सेटअप मी तिथेच मोडला. मग अगदी जवळून बारीकसारीक टिपणारी मॅक्रो लेन्स लावली. तो बोलताना अंगठ्याच्या नखाने गादीच्या शिवणीचा दोरा उसवत होता, ते धरलं. मान, कानामागचा घाम, पायाची न थांबणारी टाच. मॅक्रोवर फोकसमध्ये राहणारा पट्टा केसाएवढा असतो. माणूस श्वास घेताना थोडा पुढे आला तरी शॉट जातो. आमच्या कॅमेरामनने तेवढ्या पट्ट्यात श्वास ओळखून फोकस सांभाळला, आणि हे मी त्याच्या तोंडावर कधी बोलले नाही म्हणून इथे लिहिते, त्या दिवशी त्याने केलेलं काम भल्याभल्यांना जमणार नाही.

ओळख लपवायची म्हणजे चेहराच काढायचा असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात क्लासचा टीशर्ट, सोसायटीचं नाव असलेला स्टिकर, भिंतीवरचं दहावीच्या सत्काराचं प्रमाणपत्र, खिडकीतून दिसणारी समोरच्या इमारतीची टाकी, सगळं बोलतं. फ्रेम लागण्याआधी आम्ही एकेक वस्तू हलवत होतो, आणि मुलगा बघत होता की त्याच्या खोलीतून त्याचंच सगळं काढून नेताहेत.

साउंडसाठी पंखा बंद, फ्रीज बंद. फ्रीज बंद केला की साउंडवाले आपल्या गाडीची किल्ली त्यात ठेवतात, म्हणजे निघताना फ्रीज सुरू करायचा राहत नाही. हे बघून तो पहिल्यांदा मोठ्याने हसला. मैत्रिणीने त्याला हेडफोन घालायला दिले. कॉलरला लावलेल्या माइकमधून स्वतःचाच श्वास ऐकून तो गप्प झाला, मग म्हणाला, “अटॅक येतो तेव्हा हेच ऐकू येतं. एवढंच मोठं.” ती लगेच माझ्याकडे वळली. आमच्या फिल्मचा आवाज कसा असेल ते तेव्हा ठरलं. संगीत नाही, त्याचा श्वास ठेवायचा. काकूंनी आवाजाला हो म्हटलं होतं म्हणून हे जमलं. पिच बदलून आवाज लपवला असता तर पहिला बळी श्वासाचाच गेला असता.

तो बराच वेळ बोलला. घंटागाडी आली तेव्हा थांबलो, वरच्या मजल्यावर कुकर झाला तेव्हा थांबलो. दुपारी रँकलिस्टबद्दल बोलताना तो मध्येच उठला, खुर्ची उचलून खिडकीकडे तोंड करून ठेवली आणि बसला. आता सगळा उजेड त्याच्या चेहऱ्यावर होता. “मी हे असंच सांगणार,” तो म्हणाला. कॅमेरामनने माझ्याकडे बघितलं. काकू स्वयंपाकघराच्या दारात होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या म्हणाल्या, “घे. पण तुझ्याकडेच ठेव.”

मग तो जे बोलला ते इथे लिहीत नाही, कारण ते त्याचं आहे. एवढंच सांगते की खालच्या पट्टीतल्या त्या बोलण्यात रडणं नव्हतं, आणि सांगून झाल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव आला तो हातापायांच्या कुठल्याच क्लोजअपमध्ये नाही.

फिल्म चेहऱ्याशिवाय पूर्ण केली. शेवटी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक टाकला. ही फोनवरून मानसिक आधार देणारी सरकारची मोफत सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, मराठीतही बोलता येतं. टाकण्याआधी मी स्वतः फोन लावून बघितला, कारण बंद पडलेले नंबर घेऊन फिरणाऱ्या फिल्म मी बघितल्यात. अशा वेळी न लागणारा नंबर माणसाला आणखी एकटं पाडतो. मूल्यमापनाला आलेल्या परीक्षकांपैकी एक जण म्हणाले, “चेहरा नाही, त्यामुळे भावनिक नातं जुळत नाही. एखादा रडण्याचा शॉट तरी हवा होता.” सतरा वर्षांच्या मुलाच्या अश्रूंवर मार्क देणाऱ्या माणसांनी हा विषय तपासू नये असं माझं मत आहे, आणि ते मी तिथेही बोलले.

तेवढ्यावर संपलं असतं. पण मध्यंतरी त्याला अठरा पूर्ण झाली. त्याच दिवशी मेसेज आला, ‘आता माझी सही चालते. चेहऱ्यावाली फिल्म काढ. यूट्यूबवर टाकू.’

कायद्याने तो बरोबर आहे. उपचार नीट चालू आहेत, गोळ्या कमी झाल्यात, बारावी बाहेरून देतोय. आजार लपवल्यामुळे त्याला काय भोगावं लागलं ते त्याच्याइतकं कुणाला माहीत नाही, आणि मानसिक आजाराची लाज जायला हवी म्हणणाऱ्या माझ्यासारखीने त्याला लपून राहा म्हणायचं कोणत्या तोंडाने? पण काकूंचं म्हणणंही डोक्यातून जात नाही. संमती मागे घेता येते असं फॉर्मवर मीच लिहिलं होतं. एकदा व्हिडिओ चढला की ते वाक्य निव्वळ शोभेचं राहतं. कुणीतरी तो उतरवून घेतो, कापतो, वर हसणारी गाणी टाकतो. तिसाव्या वर्षी त्याला हे नको झालं तर मी त्याला काय परत देणार आहे?

मी मॅडमना विचारलं. त्यांनी हो किंवा नाही सांगितलं नाही. त्याला काय विचारायचं ते सांगितलं. हे कुणी बघावं असं त्याला वाटतं? एकदा उत्तर मिळालं म्हणून थांबू नकोस, थोडे महिने जाऊ देऊन परत विचार.

मी विचारलं. उत्तर आलं, ‘क्लासचे सर, आमच्या बॅचची मुलं, आत्या, सोसायटीतले दोघं-तिघं.’ सगळी नावं एका हॉलमध्ये मावतील एवढी. म्हणून मी त्याला सांगितलं, चेहऱ्यासकट फिल्म कापून देते, पण आधी खोलीत दाखवू. तू स्वतः हजर असशील, नंतर लोकांशी बोलशील, फाइल तुझ्याकडे राहील. यूट्यूबचं वर्षभराने परत विचारेन. तो चिडला. ‘ताई, तूपण शेवटी आईसारखंच.’ हे मला लागलं. तरीही मी मत बदललेलं नाही.

येत्या रविवारी ती फिल्म घेऊन मी त्यांच्या घरी जाणार आहे. काकू पहिल्यांदा ते फुटेज बघतील. शूटिंगच्या दिवशी बाबा कंपनीत शिफ्टला होते. या वेळी तेही घरी थांबणार आहेत, असं काकूंनी कळवलंय.