खिडकीपाशी सोडलेली फट

जुलैतला मंगळवार, सकाळपासून धो धो पाऊस. नऊच्या सुमारास फोन आला. "दादा, फ्लोअर वर आलंय. आई अडखळल्या, पडता पडता वाचल्या." प्रभादेवीला अठराव्या मजल्यावर लाकडी फ्लोअर बसवायचं काम एप्रिलमध्ये मीच केलेलं. फ्लोअर कोणत्या बाजूला उठलं असणार, हे मला घरी बसूनच कळलं होतं.

त्या हॉलची पश्चिमेकडची अख्खी बाजू काचेची आहे, जमिनीपासून छतापर्यंत. भिंतीकडे आम्ही लाकडी फ्लोअरला 10-12 मिलिमीटर फट सोडतो आणि ती स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी मारलेल्या पट्टीखाली, झाकतो. काचेपुढे स्कर्टिंग मारणार कुठे? खिडकीचा खालचा ट्रॅक जेमतेम दीड इंच उंच. मी पट्टी सुचवली होती, पण इंटिरियरवाल्या मॅडमना पट्टी डोळ्यांसमोर नको होती. दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा गप्प बसलो. शेवटची फळी ट्रॅकला भिडवली आणि रंग जुळवून सिलिकॉनची बारीक रेघ ओढली. दिसायला देखणं झालं होतं.

पोचलो तेव्हा आजी भिंतीला धरून उभ्या होत्या. खिडकीपासून चार-पाच फुटांवर फ्लोअर दोन बोटं वर उचललं होतं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, लाटेसारखं. पाय ठेवला की खाली पोकळ वाजायचं. घरातल्यांना वाटत होतं, खिडकी गळते. मी ट्रॅकच्या आतल्या कडेने टिश्यू पेपर फिरवला, कोरडा निघाला. मग फळ्यांना मीटर लावला. एप्रिलमध्ये ओल 8 टक्के होती, आता 13. मंडळी तीन आठवडे गावाला गेली होती, एसी बंद, घर बंद, आणि बाहेर मुंबईचा आषाढ.

हे फ्लोअर स्लॅबला चिकटवलेलं नसतं. खाली 2 मिलिमीटर फोम, वर एकमेकींत अडकवलेल्या 14 मिलिमीटरच्या फळ्या, म्हणजे अख्ख्या खोलीची एकच चटई. लाकूड लांबीत फारसं फुगत नाही, रुंदीत फुगतं, आणि इथे फळ्या खिडकीला समांतर होत्या. अशा 26 फळ्या. एकेक फळी पाव मिलिमीटर जरी फुगली, तरी साडेसहा मिलिमीटर झाले. समोरच्या भिंतीकडे मी फट सोडली होती, पण माझ्यानंतर आलेल्या सुतारांनी भिंतभर कपाट फ्लोअरवरच उभं केलं. ती बाजू कपाटाच्या वजनाखाली दबली, ही बाजू ट्रॅकला अडली. मग चटई वर उचलणार नाही तर काय करणार!

ट्रॅकपासून चार इंचांवर रेघ मारली. कटरची खोली मोजून 14 ठेवली आणि कापायला घेतलं. हातभर पुढे गेलो असेन, तोच पातं आवळलं आणि मशीनने हाताला हिसका दिला. मागे वळून पाहिलं तर मी कापलेली चीर मिटत चालली होती. फळ्या इतक्या जोराने खिडकीकडे रेटत होत्या! पंचवीस वर्षं या धंद्यात आहे, लाकडाची ताकद अशी डोळ्यांसमोर कधी पाहिली नव्हती. मग वीतभर कापायचं, चिरेत पाचर ठोकायची, पुढे सरकायचं. कोपऱ्यांत कटर पोचेना, तिथे पटाशी चालवली. चार इंचांची ती कड पहारीने उचकटून काढली तेव्हा मागचं फ्लोअर कडाड् वाजलं आणि उंचवटा अर्धा खाली बसला. आजी घाबरून आत गेल्या. संध्याकाळपर्यंत उरलेलाही हळूहळू बसला.

त्या चार इंचांत लाकूड परत घातलं नाही. 12 मिलिमीटरचा काळा ग्रॅनाइट आणला आणि चिकटवून लाकडाच्या पातळीत बसवला. स्लायडिंग उघडी राहिली आणि पावसाचा सपका आत आला, तर आधी दगड भिजेल. दगड आणि ट्रॅकच्या मध्ये सिलिकॉन भरलं. तिथे ते चालतं, कारण दोन्ही हलत नाहीत. दगड आणि लाकडाच्या मध्ये मात्र मोकळी फट ठेवली. तीवर टी-पट्टी, म्हणजे इंग्रजी T च्या आकाराची पट्टी, येणार होती, तिचा पाय फक्त दगडाच्या कडेला चिकटवलेला, डोकं लाकडावर नुसतं टेकलेलं, म्हणजे फ्लोअर खालून सरकायला मोकळं. मॅडमना फोन करून सांगितलं, पट्टी येणार. त्या म्हणाल्या, पितळेची लावा. या कामाचे पैसे मी घेतले नाहीत.

पट्टी लगेच लावली नाही. त्या दिवशी फट 6 मिलिमीटर भरली, फळ्या अजून फुगलेल्याच होत्या. तिच्यात फोमची दोरी घालून ठेवली आणि दिवाळीआधी परत गेलो. तेव्हा 10 भरली. आजींची खुर्ची पुन्हा काचेपाशी आली होती. पट्टी बसल्यावर त्यांनी वाकून तिच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "खिडकीला उंबरा केलास की रे."